कपाटाच्या दारावरचे सासरे

कल्याणला माझ्या सासुरवाडीच्या बाहेरच्या खोलीत एक अमेरिकन गृहस्थ चांगला महिनाभर माझे सासरे म्हणून नांदले. त्यांच्या डोक्यावर पागोटं होतं, ओठावर भरघोस मिशा होत्या, कपाळाला गंध होतं आणि रोज सकाळी त्यांना ताजा हार मिळत होता. त्यांना तिथे नेऊन बसवणारा जावई मी. (गृहस्थांचं खरं नाव सांगत नाही. हयात असतील तर त्यांच्या घरी उगाच गैरसमज व्हायचा!)

आता अमेरिकन माणूस कल्याणला आला कुठून, ते आधी सांगतो. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या कॅम्पात देशोदेशीचे सोल्जर येऊन राहत. लढाई संपली, सोल्जर आपापल्या घरी गेले आणि त्यांचं मागे राहिलेलं सामान हळूहळू रद्दीवाल्यांकडे झिरपत आलं. त्यात एकदा मला पुठ्ठ्याचं एक कार्ड सापडलं. आकार पत्त्यातल्या पानाहून थोडा लहान. पुढच्या बाजूला टोपी घातलेल्या एका माणसाचा फोटो, हातात मुसळ. रद्दीवाला म्हणाला, हा बेसबॉलवाला, तिकडे च्युइंगगमबरोबर अशी कार्डं फुकट देतात. बेसबॉलचा खेळ मी तेव्हाही पाहिला नव्हता आणि आजतागायत पाहिलेला नाही. त्यात मुसळाचं नेमकं काय करतात, मला ठाऊक नाही. पण मी ते कार्ड उलटं केलं आणि माझा निकाल लागला.

पाठीवर शिक्का होता! कॅम्पातल्या कुठल्याशा उपाहारगृहाचा. जांभळा, वाटोळा, किंचित तिरका. मग मी अशी कार्डं हुडकतच सुटलो. कुणाच्या पाठीवर बोटीवरच्या इस्पितळाचा शिक्का, कुणाच्या पाठीवर टपाल तपासणाऱ्या ऑफिसचा, एकावर तर नुसतं बदक. (बदक कशासाठी, ते अजून उमगलेलं नाही.) मी स्वतः डोंबिवली ते बोरीबंदर आणि बोरीबंदर ते डोंबिवली एवढीच मुशाफिरी करणारा कारकून. हे पुठ्ठ्याचे तुकडे मात्र कुणाच्या तरी खिशात बसून सातासमुद्रापलीकडून आले होते, आणि कुठे कुठे उतरले ते पाठीवर लिहून घेऊन आले होते. मला त्याचं फार अप्रूप वाटे.

एकेक कार्ड मी पातळ कागदात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवत असे, आणि ठेवत असे ते पालथं. म्हणजे डबा उघडला की शिक्के दिसावेत. पुढची तोंडं मी पाहायचोच नाही. माझी बायको मालती म्हणायची, "लोक माणसं तोंडावरून ओळखतात, तुम्ही पाठीवरून ओळखता." मी ते कौतुक समजत होतो.

ह्या छंदामुळे सासुरवाडीत माझी एक ख्याती झाली, की जावईबापूंना फोटोंतलं फार कळतं. ती कुणी पसरवली ठाऊक नाही. मी ती खोडून काढली नाही, एवढं खरं.

माझ्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. आमच्या लग्नानंतर वर्षाच्या आतच ते वारले. मी त्यांना पाहिलं असेल मोजक्याच वेळा, आणि तेही जावयानं सासऱ्याला पाहावं तसं, म्हणजे मान खाली घालून. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी नानांची पक्की समजूत होती. त्यांचा मुलगा दिनकर एकदा त्यांना गोडीगुलाबीनं कॅम्पाजवळच्या स्टुडिओत घेऊन गेला, तेव्हा काढलेला तेवढा एकच फोटो. तोही तळहातात मावेल एवढा. नाना गेल्यावर सासूबाईंनी तो पोथीत ठेवला. दुपारी त्या पोथी वाचायला बसत, पण पान काही उलटत नसे, असं मालती सांगायची.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा नानांची मोठी तसबीर करून भिंतीवर लावायचं ठरलं. त्याच स्टुडिओत एक पेंटर होता, तो छोट्या फोटोवरून रंगीत तसबीर काढून द्यायचा. दिनकर म्हणाला, मी जाऊन येतो. पण सासूबाईंनी त्याला थांबवलं. ते काम जावईबापूंनाच सांगू, त्यांना त्यातलं कळतं, असं म्हणून त्यांनी पोथी उघडली आणि फोटो माझ्या हातावर ठेवला. ठेवल्यावर त्यांची बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली.

"एवढाच आहे हो," त्या म्हणाल्या. "जपून."

मी जपला. जपण्याची माझी एकच रीत होती. घरी येऊन मी नानांना पातळ कागदात गुंडाळलं आणि बिस्किटांच्या डब्यात सगळ्यांच्या वर पालथं ठेवून दिलं. पाठीवर स्टुडिओचा लंबगोल जांभळा शिक्का होताच, तेव्हा ओळखायची चिंता नव्हती.

आता त्या स्टुडिओची एक पद्धत ऐका. कामाला आलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर ते आपला शिक्का ठोकत, मग तो फोटो त्यांनी काढलेला असो की आणखी कुणी. कुणी एक सोल्जर आपल्या आवडत्या बेसबॉलवाल्याचं कार्ड मोठं करून घ्यायला त्यांच्याकडे टाकून गेला होता. कार्डावर शिक्का बसला, सोल्जरची बदली झाली आणि कार्ड फिरत फिरत माझ्याकडे आलं. म्हणजे माझ्या डब्यात एकाच शिक्क्याचे दोन गृहस्थ पालथे पडलेले होते, एक कल्याणचे आणि एक कुठले ते देव जाणे! मला हे ठाऊक होतं. पण अमेरिकन तळाशी आहे आणि नाना वर आहेत, हेही ठाऊक होतं. मधल्या काळात मालतीनं घर आवरताना तो डबा रिकामा करून, पुसून, पुन्हा व्यवस्थित भरून ठेवला, हे तेवढं ठाऊक नव्हतं.

स्टुडिओत मी वरची पुडी पेंटरपुढे ठेवली. त्यानं ती सोडली, शिक्का पाहिला आणि "आमचाच माल," म्हणून समाधानानं मान हलवली. मग फोटो स्वतःकडे धरून तो प्रश्न विचारू लागला. काउंटरच्या अलीकडून मला दिसत होती ती पाठ, आणि पाठ अगदी बरोबर होती.

"टोपी काढून टाकू?"

नाना फोटोत टोपी घालून बसले असतील असं मला वाटलं नव्हतं. पण बसले असतील. मी म्हटलं, "काढा. पागोटं घाला."

"मिशा ठेवू?"

"ठेवा की. भरघोस होत्या."

"यात नाहीयेत."

"मग नंतर ठेवल्या असतील," मी म्हटलं.

बाकी काळजी करू नका, असं पेंटर म्हणाला. कोट, उपरणं, खुर्ची, शेजारची फुलदाणी हे सगळं त्याच्याकडे ठरलेलं असे, गिऱ्हाईकाकडून फक्त तोंड लागे. मी निघता निघता कपाळाला गंध लावायची आठवण केली आणि फोटोंतलं कळणारा माणूस म्हणून ताठ मानेनं बाहेर पडलो.

तसबीर झाली. ती पाहून माझा ऊर भरून आला. पागोटं, मिशा, गंध, काळा कोट. नाना म्हणून मला जे जे आठवत होतं, ते सगळं तिच्यात होतं. पेंटरनं मूळ फोटो पुडीत बांधून परत दिला. तो मी डब्यात टाकला नाही. घोटाळा नको म्हणून वेगळ्या पाकिटात घालून ट्रंकेत ठेवला. (हसू नका. माझी व्यवस्था पहिल्यापासून अशीच चोख.)

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी स्वतः स्टुलावर चढून तसबीर लावली आणि वरचं फडकं ओढलं. घर एकदम गप्प झालं. मला वाटलं, सगळ्यांना भरून आलं. दिनकरनं तसबिरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत तसबिरीकडे पाहिलं. मालतीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि ते मिटलं. मग त्या सावकाश म्हणाल्या की तसबीर छान झाली आहे, आणि कोट शोभतो. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसून पुढे आले आणि नानांचे डोळे घारे होते हे कधी लक्षातच आलं नाही, असं पुटपुटले. "उन्हात दिसायचे तसे," सासूबाईंनी सांगितलं, आणि पानं वाढायला घेतली.

त्या वेळी त्या घरातल्या एकाही माणसाला ते नाना वाटले नव्हते. पेंटरला काही जमलं नाही, अशी सगळ्यांनी आपापल्या मनाशी समजूत घातली होती. पण बोलणार कोण? जावयानं आणलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. जावयानं आंबट आंबे आणले तरी घरानं ते गोड म्हणून खायचे असतात. त्यात मी रजा काढून, खेपा घालून, हौसेनं हे काम केलेलं. "त्यांना एका शब्दानं कळता कामा नये," अशी सासूबाईंनी घरात ताकीद देऊन ठेवली होती, आणि माझी सख्खी बायकोही ती पाळत होती!

पुढचा महिनाभर आम्ही दर रविवारी कल्याणला जात होतो. मी बाहेरच्या खोलीत तसबिरीसमोरच बसायचो. माझ्या लक्षात आलं, की सासूबाई त्या खोलीतून जाताना डोक्यावरून पदर घेतात आणि नजर खाली ठेवतात. हार घालायचा तर तो दिनकर घालतो. पूर्वी त्या ह्या खोलीत खिडकीशी बसून पोथी वाचायच्या, आता पोथी स्वयंपाकघरात गेली आहे. वेणीफणी, दुपारची आडवं होण्याची चटई, सगळं आत. एवढी मोठी खोली त्यांनी जणू नानांना देऊन टाकली होती. परतताना मी मालतीला म्हटलं, "पाहिलंस? ह्याला म्हणतात निष्ठा. माणूस गेला तरी त्याचा आब राखतात." घरी आल्यावर मालतीनं भाकऱ्या जरा जोरात थापल्या.

निष्ठा कसली! सासूबाई बिचाऱ्या परपुरुषासमोर वागावं तशा वागत होत्या. भिंतीवर एक अनोळखी माणूस दिवसभर टक लावून बसलेला. स्वतःच्याच घरात त्यांना मोकळेपणी टेकता येईना, आणि जावयाचं मन मोडेल म्हणून त्याला खालीही उतरवता येईना.

ह्याच महिन्यात मी आणखी एक पराक्रम केला. ठाण्याला कोपरीत गजानन पाटील नावाचा माझा एक दोस्त होता. घरची शेती आणि खाडीकाठची मिठागरं, माणूस खाऊनपिऊन सुखी. एका कार्डावर आम्हा दोघांचा एकाच वेळी हात पडला आणि रद्दीवाल्याच्या दारात भांडण झालं, तिथून आमची मैत्री. तोही शिक्केवाला. माझ्याकडचा स्टुडिओचा लंबगोल शिक्का त्याला बरेच दिवस हवा होता, आणि मला हवा होता त्याच्याकडचा तिकोनी. अमेरिकन म्हणून डब्यात उरलेली पुडी मी त्याला दिली, त्यानं मला तिकोनी दिला. त्यानं पाठ पाहिली, मी पाठ पाहिली. तोंडं पाहायची आमच्यात रीतच नव्हती.

आणि मग एका रविवारी चहा देताना सासूबाईंनी अगदी सहज म्हणावं तसं म्हटलं की तो मूळचा छोटा फोटो तेवढा सवडीनं परत आणा. पुढच्या खेपेला मी ट्रंकेतलं पाकीट घेऊन गेलो. सासूबाईंनी हात स्वच्छ धुतले, पदराला पुसले, खिडकीशी उजेडात गेल्या आणि पुडी सोडली.

आत टोपी घातलेला, गुळगुळीत दाढी केलेला एक गोरा तरुण होता. तो हसत होता. मी वर भिंतीकडे पाहिलं. तिथेही, मिशांच्या खाली, तोच हसत होता.

दिनकरला सगळ्यात आधी कळलं. तो हसायला लागला आणि आईचा चेहरा बघून थांबला. मला हळूहळू कळलं, आणि जसजसं कळत गेलं तसतसा मी खुर्चीत खाली खाली जात राहिलो. नेहमी सगळ्यावर हसून पडदा टाकणाऱ्या सासूबाई ह्या वेळी हसल्या नाहीत.

"मग हे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "तसबीर राहू दे, जावईबापू. तसबीर नसली तरी चालेल मला. पण मी ह्यांना आठवायला डोळे मिटते ना, तर हल्ली तुमचा हा माणूस मध्ये येतो. तो छोटा फोटो आला की सगळं परत जागेवर येईल, असं धरून मी महिना काढला."

एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. जावयाला चहाशिवाय कसं पाठवायचं! तो चहा तसाच ठेवून, सुपारीएवढं तोंड करून मी उठलो आणि तडक ठाण्याला गेलो.

कोपरीला पाटील ओटीवरच होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि तो फोटो परत मागितला. पाटीलनं मांडीवर थाप मारली.

"आवो, तो त मी कवाच चिकटवला," तो म्हणाला. "चला, दावतो तुमाला."

आतल्या खोलीत सागवानी कपाट होतं. त्याच्या एका दाराला बाहेरून, वरपासून खालपर्यंत, ओळीनं कार्डं डकवलेली होती. सगळे शिक्के बाहेर आणि तोंडं लाकडाकडे! मध्यभागी, मानाच्या जागी, लंबगोल जांभळा शिक्का होता. म्हणजे माझे सासरे, ज्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नाही, ते पाटीलच्या कपाटाला तोंड लावून, माझ्याकडे पाठ करून उभे होते. डकवलं होतं भाताच्या खळीनं, आणि खळ चांगली वाळून दगड झाली होती.

मी नखानं कोपरा उचकटायला गेलो तर पाटीलनं माझा हात धरला. ओढलं तर तोंड लाकडावर राहणार आणि शिक्का फाटून हातात येणार, असं त्यानं बजावलं. त्याचाही त्या शिक्क्यावर जीव होता. मग त्यानं विचारलं, "म्हातारीकडं ह्यो एकच फोटू हाय?" मी मान हलवली. पाटील जाऊन स्क्रू काढायचं हत्यार घेऊन आला. "तुमचे हातून नाय व्हायचा, माझे हातून नाय व्हायचा," तो म्हणाला. "ज्याचा मानूस त्याचेकडं नेऊ. दारच घेऊन चला."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी सुटलो. नाना पुसलेच जाणार असतील तर ते निदान माझ्या नखाखाली जायला नकोत.

तर त्या दुपारी सागवानी दार दोन्ही बाजूंनी उचलून आम्ही दोघं ठाणे स्टेशनात शिरलो. पाटील दाराला सोडायला तयार नव्हता म्हणून तोही बरोबर. सामानाच्या खिडकीवरच्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं आणि काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, कपाटाचं दार. कपाट कुठे आहे? कपाट घरी आहे. मग दार कुठे चाललंय? "सासुरवाडीला," मी म्हटलं. बाबूनं आणखी काही विचारलं नाही. हुंड्याच्या वाटाघाटींत त्यानं बरंच पाहिलेलं असावं.

कल्याणला आम्ही दार ओटीवर आडवं ठेवलं. सासूबाई बाहेर आल्या. त्यांना मी शिक्का दाखवला आणि कसाबसा म्हणालो, "नाना इथे आहेत. खाली. म्हणजे... आतल्या बाजूला."

त्या दारापाशी मांडी घालून बसल्या. कडेच्या खळीवर बोट फिरवलं, बोट तोंडाशी नेऊन वास घेतला. "भाताचीच आहे ना? मग ही आपली सालपापडीच," त्या म्हणाल्या. आयुष्यभर त्यांनी दर उन्हाळ्यात तांदळाच्या सालपापड्या वाफवून पानावरून अल्लद सोलल्या होत्या. त्यांनी मालतीला ओला पंचा आणायला सांगितला. दिनकरला तांब्यात निखारे भरून आणायला सांगितले, कारण त्या घरात इस्त्री म्हणजे निखाऱ्यांचा तांब्याच. ओला पंचा त्यांनी शिक्क्यावर पसरला आणि वरून तांब्या हलके हलके टेकवत राहिल्या. वाफ निघू लागली. पाटील दाराच्या पायथ्याशी उकिडवा, मालती आईच्या खांद्यामागे, आणि मी अर्थातच सगळ्यांत पुढे, कारण फोटोंतलं मला कळतं.

थोड्या वेळानं एक कडा किंचित सुटली. सासूबाईंनी खराट्याची एक हीर धुऊन घेतली आणि त्या कडेखाली सरकवायला लागल्या. ते इतकं हळू चाललं होतं की मला राहवेना. मदत म्हणून मी दुसरा कोपरा धरायला हात पुढे केला.

फट्कन माझ्या हातावर चापट बसली.

"हात काढ आधी. मूर्ख कुठला, फाटेल ना तो."

सासूनं जावयाला मारलं होतं. मूर्ख म्हटलं होतं. अरेतुरे केलं होतं! दिनकर माझ्याकडे पाहायचं टाळून तांब्याकडे पाहू लागला. मालतीनं ओठ दाबून धरले. खुद्द सासूबाईंना मात्र आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता. त्यांची हीर चालूच होती. हळूहळू एक खांदा सुटला, मग मिशी, मग कपाळ, आणि शेवटी सबंध नाना त्यांच्या तळहातावर उलटे आले.

त्यांनी फोटो सुलटा केला. मीही पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदा, मान वर करून. काळेभोर डोळे, उभा लांबट चेहरा, आणि फोटोसाठी धरून बसवल्याचा स्पष्ट राग. ते भिंतीवरच्या माणसासारखे कशातच नव्हते. सगळा चेहरा शाबूत होता, फक्त डावा कान लाकडाला चिकटून राहिला होता.

"आलात एकदाचे," सासूबाई फोटोला म्हणाल्या. "आणि कान कुठे ठेवून आलात?"

असं म्हणून त्या हसल्या, हसता हसता रडल्या, आणि मग बराच वेळ दोन्ही चालू राहिलं. मालती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून तेच करत होती. पाटील डोळे पुसत होता, पण तो कदाचित शिक्क्यासाठी असेल. तो शिक्का नानांच्या पाठीबरोबर गेला. त्याच्या बदल्यात मी त्याला खरा अमेरिकन दिला, आणि तो घेऊन, दार घेऊन, वर सासूबाईंनी बांधून दिलेले लाडू घेऊन पाटील कोपरीला गेला. नानांचा डावा कान अजूनही त्याच्या कपाटावर आहे.

सगळं निवल्यावर सासूबाईंना आपली चापट आठवली. त्या एकदम ओशाळल्या. जावईबापू, चुकून बोलले, मनाला लावून घेऊ नका, असं काहीसं त्या म्हणायला लागल्या. मी त्यांना थांबवलं. माझी आई मी लहान असतानाच गेली. मोठा झाल्यावर मला मूर्ख म्हणणारे ऑफिसात पुष्कळ होते, पण हातावर मारून मूर्ख म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ती चापट बसली तेव्हा मला लागलं नाही, बरं वाटलं. तसं मी सांगितलं. म्हटलं, "आई, तेच राहू द्या." सासूबाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग ऊठ, आणि तो माणूस खाली उतरव."

तसबीर परत पेंटरकडे गेली. ह्या वेळी ती घेऊन दिनकर गेला, आणि मागोमाग सासूबाई स्वतः गेल्या. मला घरीच ठेवलं. कोट, पागोटं, फुलदाणी आहे तशीच ठेवून पेंटरनं फक्त तोंड बदललं. काम झकास झालं. अडचण एकच आली. छोट्या फोटोत डावा कानच नव्हता, तेव्हा बघून काढायचा कसा? पेंटर म्हणाला, आहे तोच राहू देऊ का? सासूबाईंनी क्षणभर विचार केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्या कानानं ह्यांना नाहीतरी ऐकू येत नव्हतं."

तेव्हापासून कल्याणच्या भिंतीवर नाना आहेत, एका अमेरिकन कानानिशी. पोथी खिडकीशी परत आली, चटईही आली. मी गेलो की आता मला खुर्ची मिळत नाही. दळणाचा डबा मिळतो, रॉकेलची बाटली मिळते, आणि परत आल्यावर पीठ जाडं दळून आणलं म्हणून बोलणी मिळतात. तेवढ्यानं आईंचं समाधान होत नाही. त्या तसबिरीपाशी जाऊन नानांकडे माझी रीतसर तक्रार करतात, आणि करताना न चुकता उजव्या बाजूला उभ्या राहतात. डाव्या कानात सांगितलं तर जावई कसा मिळाला आहे, ते सगळ्या अमेरिकेला कळेल म्हणे.